जावयाचं आफ्टरशेव्ह

प्रश्न: जावईबापूंनी महागडं आफ्टरशेव्ह भेट दिलंय. खोक्यावर ‘त्वचेचं पोषण’ असं लिहिलंय, पण लावलं की गाल चरचरतात आणि दुपारपर्यंत कोरडे पडतात. वापरू की सोडू?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: काका, खोक्यावरचं सोडा, मागची बारीक यादी वाचा. घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिलंच नाव ‘अल्कोहोल डिनॅट’, म्हणजे पिण्याजोगं न ठेवलेलं अल्कोहोल, असेल, तर चरचर बहुतेक त्याचीच. ते उडताना गार वाटतं, पण त्वचा कोरडी करतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात, तेव्हा तर नकोच. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं, म्हणून ते यादीत बऱ्यापैकी वर हवं. पॅन्थेनॉल, म्हणजे ब५ जीवनसत्त्वाचं पूर्वरूप, असेल तर उत्तम. अ‍ॅलन्टॉइन त्वचेची जळजळ शमवतं, ते मात्र थोडंसंच पुरतं. तळाशी दिसलं तरी चालेल. बर्गमॉटचं, म्हणजे लिंबाच्या जातीतल्या एका फळाचं, तेल असेल तर सकाळी लावून उन्हात स्कूटर काढू नका. त्यातल्या बर्गाप्टेन या घटकामुळे गालावर काळे डाग उमटू शकतात. ते काढून टाकलेलं तेलही मिळतं, पण यादीत ते कळतंच असं नाही. कोरफडीचं चित्र बघून भुलू नका. चित्राने गाल मऊ होत नाहीत!

तोवर दाढीनंतर गार पाणी अन् साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. बाटली लग्नकार्यात शर्टावर शिंपडा, जावईबापूही खूश.