वाचनालयातील कार्यक्रम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सार्वजनिक वाचनालयांच्या कामकाजाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे गोव्यातील गावोगावच्या वाचनालयांतून होणाऱ्या सांस्कृतिक कार्यक्रमांविषयीची आहेत. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी दरवर्षी भावगीतांचा कार्यक्रम होतो. मांडव भरतो, परंतु त्यामुळे सभासद वाढल्याचे दिसत नाही. कार्यकारिणीतील काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, वाचनालय हे शांततेचे ठिकाण आहे आणि हा पैसा पुस्तकांवरच खर्च व्हावा. आपले मत काय? (एका वाचनालयाचे सचिव, फोंडा तालुका)

उत्तर : आपल्या ज्येष्ठांची तक्रार मला परकी नाही. ज्या वाचनालयात मी अनेक वर्षे ग्रंथपाल होतो, तेथेही वर्धापनदिनाला मांडव भरत असे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले की वृत्तपत्र वाचायला नेहमीचीच मंडळी आलेली असत. मांडवापासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत फार तर पंधरा पावलांचे अंतर होते, पण आदल्या रात्रीच्या श्रोत्यांपैकी कोणी ते चालून आले नव्हते, कारण कार्यक्रमात तसे बोलावणेच कोठे नव्हते. दोष गाण्यांचा नव्हता. तोच कार्यक्रम गावातील कोणत्याही सभागृहात झाला असता तरी काही फरक पडला नसता, आणि वाचनालयाच्या कार्यक्रमाविषयी यापेक्षा गंभीर आक्षेप मला सुचत नाही.

म्हणून कार्यक्रम बंद करावा असे मी म्हणणार नाही. तो कपाटाशी जोडावा असे म्हणेन. आपण फोंडा तालुक्यातील आहात. कवी बा. भ. बोरकर आपल्याच तालुक्यातील बोरी गावचे, आणि त्यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1910 रोजी झाला. त्या दिवशी भावगीतांऐवजी, किंवा भावगीतांच्या जोडीला, बोरकरांच्या कवितांचे वाचन आणि गायन ठेवावे. आपल्या संग्रहातील त्यांची सर्व पुस्तके व्यासपीठाच्या बाजूला एका टेबलावर मांडावीत. आणि देवघेवीची नोंदवही त्याच टेबलावर उघडी ठेवून एका कार्यकर्त्याला तेथे बसवावे. जी कविता नुकतीच ऐकली ती ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक त्याच क्षणी घरी नेता येते, हे श्रोत्याला दिसले पाहिजे. सभासद नसलेल्यालाही त्या रात्रीपुरते नाव व पत्ता लिहून घेऊन पुस्तक द्यावे. एखादे पुस्तक परत येणार नाही, ही भीती मला ठाऊक आहे. ते परत आणायला जो येतो तो बहुधा दुसरे घेऊनच जातो, हेही मी पाहिले आहे.

शांततेचा मुद्दा वाचनकक्षापुरता योग्य आहे आणि वाचनाच्या वेळात तेथे कार्यक्रम होताच कामा नये. परंतु डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यांतील तिसरा ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असा आहे. याचा अर्थ वाचक आपणहून येईपर्यंत ग्रंथाने वाट पाहावी असा नसून, ग्रंथपालाने त्या वाचकाचा शोध घ्यावा असा आहे. कार्यक्रम हे त्या शोधाचे एक साधन आहे. पुस्तकांचा निधी मात्र कार्यक्रमांकडे वळवू नये. कार्यक्रमासाठी वेगळी वर्गणी काढावी आणि तिचा हिशेब वेगळा ठेवावा. ज्येष्ठांचे निम्मे समाधान तेवढ्यानेच होईल.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी तीन व्याख्याने ठेवली, तिन्ही वेळा खुर्च्या रिकाम्या राहिल्या. विषय चांगले होते. तारखा चुकल्या असाव्यात, असे वाटते. वर्षाची आखणी कशी करावी? (पंचायत वाचनालयाच्या ग्रंथपाल, डिचोली तालुका)

उत्तर : आपली शंका बरोबर असावी. शासकीय दिनदर्शिका समोर ठेवून आखणी केली की बहुधा असेच होते. 12 ऑगस्ट हा रंगनाथन यांचा जन्मदिवस म्हणून ग्रंथपाल दिन, 14 ते 20 नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, 27 फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन. या सर्व तारखा आदराच्या आहेत, पण गावाचे पाऊल या तारखांवर चालत नाही. पणजीतील ज्या ग्रंथालयाला आज कृष्णदास शामा यांचे नाव आहे, त्याची स्थापना पोर्तुगीज राजवटीत 15 सप्टेंबर 1832 रोजी झाली आणि ते देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे. गोव्यातील प्रत्येक वाचनालयाने तो दिवस साजरा करावा असे मला मनापासून वाटते. तरीही ज्या वर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, त्या सुमारास येते, त्या वर्षी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधण्यात गुंतलेल्या गावाला व्याख्यानाला बोलावणे व्यर्थ आहे.

म्हणून प्रथम गावच्या देवस्थानची जत्रा, काला, पालखी, भजनी सप्ताह आणि शिगमो यांच्या तिथी लिहून काढाव्यात, शेजारच्या दोन-तीन गावांच्या जत्राही धराव्यात, आणि मग उरलेले दिवस पाहावेत. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो तो वसंतापर्यंत चालतो. या काळात संध्याकाळचा कार्यक्रम फारच विचारपूर्वक ठेवावा लागतो. त्याउलट लावणी आटोपल्यापासून चवथीच्या खरेदीला सुरुवात होईपर्यंतचे दिवस बहुतेक वाचनालये वाया घालवतात. पाऊस असतो, माणसे घरात असतात आणि वाचायला वेळ असतो. मात्र कार्यक्रम दुपारी, उजेडात ठेवावा, कारण वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही. आणि छप्पर पत्र्याचे असेल तर व्याख्यान ठेवूच नये, लोकांना गोल बसवून वाचन ठेवावे. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की वक्त्याचा शब्द पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही.

जत्रांच्या हंगामाबाबत आणखी एक गोष्ट सुचवतो, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात गावचीच मंडळी मराठी नाटक उभे करतात. ज्या गावात दरवर्षी वीस-पंचवीस माणसे महिना-दोन महिने एका नाटकाचे शब्द पाठ करतात, त्या गावात वाचक नाहीत असे कोणी म्हणू नये. ते वाचक तालमीच्या जागी आहेत, वाचनालयात नाहीत, इतकेच. नाटक निवडण्याची वेळ येते तेव्हा मंडळाला वाचनालयात बोलवावे, नाटकांचे कपाट त्यांच्यापुढे उघडावे, दोन-तीन संहितांचे वाचन तेथेच करू द्यावे आणि पहिल्या काही तालमींसाठी संध्याकाळी खोली द्यावी. जुन्या प्रयोगांची छायाचित्रे आणि हस्तपत्रके घराघरांतून मागवून, जत्रेच्या आधीच्या आठवड्यात त्यांचे प्रदर्शन भरवावे. आपल्या आजोबांचे छायाचित्र भिंतीवर आहे हे कळले की जे कधी वाचनालयाची पायरी चढले नाहीत तेही येतात.

प्रश्न : आमच्या गावात घरोघरी कोंकणी बोलली जाते, शेजारी ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत आणि मुले इंग्रजीतून शिकतात. मराठी वाचनालयाने कार्यक्रम कोणत्या भाषेत करावेत? मराठीचा आग्रह धरला तर मुले येत नाहीत, सोडला तर वाचनालयाचा हेतूच राहत नाही. (एक कार्यकर्ता, सासष्टी तालुका)

उत्तर : आपण पेच नेमका मांडला आहे. माझे मत असे की कार्यक्रमाची भाषा ही कार्यक्रमातील बोलण्याची भाषा असावी आणि वाचनाची भाषा ही पुस्तकाची असावी. या दोन्ही एकच असल्या पाहिजेत असा हट्ट धरू नये. गोष्ट मराठी पुस्तकातून वाचावी, तिच्यावरचे बोलणे मुले ज्या भाषेत बोलतील त्या भाषेत होऊ द्यावे. गोव्यातील माणसाच्या घरात, देवळात, शाळेत आणि कचेरीत वेगवेगळ्या भाषा असतात, आणि त्याला त्याची अडचण वाटत नाही. वाचनालयानेच ती का वाटून घ्यावी?

मुलांच्या बाबतीत एक वयोगट आपण विशेष लक्षात घ्यावा. आपल्याकडे अनेक मुले प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजीत जातात. देवनागरी अक्षर सहज वाचता येऊ लागलेले असते, मोठी गोष्ट वाचण्याची हौस नुकती जागी होत असते, आणि नेमक्या त्याच वर्षी शाळेतील सगळी पाठ्यपुस्तके बदलतात. त्या एका वर्षात मराठी वाचन सुटले की ते बहुधा कायमचे सुटते. म्हणून शक्ती मर्यादित असेल तर ती चौथी, पाचवी आणि सहावीच्या मुलांवर खर्च करावी : दर शनिवारी तासभर एकच लांब गोष्ट क्रमशः वाचावी, उत्कंठेच्या जागी थांबावे, आणि ज्याला पुढचे कळल्याशिवाय राहवत नाही त्याला ते पुस्तक घरी न्यायला द्यावे. स्पर्धा आणि बक्षिसे यांच्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो. वक्तृत्व स्पर्धेत पाठांतर करणारी मुले येतात. ज्यांना आपण शोधतो आहोत ती घरीच राहतात.

ख्रिस्ती शेजाऱ्यांविषयी सांगायचे तर, आपल्या तालुक्याला एक वारसा आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडमधून आलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी येशू ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली, आणि ते ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. राशोल सासष्टीतच आहे. नाताळपूर्व आठवड्यात आपल्या वाचनालयात त्यातील निवडक ओव्यांचे वाचन ठेवावे, एक भाग वाचनालयाच्या सभासदाने वाचावा आणि एक ख्रिस्ती शेजाऱ्याने, हवा तर रोमन लिपीतून. हा सलोख्याचा देखावा व्हावा असे मी म्हणत नाही. ते पुस्तक दोघांचेही आहे आणि दोघांपैकी फारच थोड्यांनी ते उघडून पाहिले आहे, एवढेच कारण पुरेसे आहे.

प्रश्न : अभिवाचनासाठी लेखकाची परवानगी लागते का? त्याचे चित्रीकरण यूट्यूबवर टाकता येईल का? ध्वनिक्षेपक लावायचा असल्यास काय करावे? (वास्को)

उत्तर : लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे लोटली की त्याचे साहित्य सर्वांसाठी मुक्त होते; ही वर्षे निधनाच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजींचे निधन 1950 सालचे असल्याने त्यांचे लेखन 2011 पासून मुक्त आहे. ज्या साहित्यावर अधिकार आहेत त्यातील वाजवी उतारा जाहीरपणे वाचण्यास 1957 चा प्रताधिकार कायदा मुभा देतो, आणि हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगालाही त्यात सूट आहे. परंतु ही सूट सभागृहातील प्रयोगापुरतीच आहे, असेच धरून चालावे. चित्रीकरण करून ते प्रसारित करणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावी. आणि कायद्याने आवश्यक नसले तरी हयात लेखकाला पत्र लिहून कळवावे. कोठल्या गावात आपले पुस्तक मोठ्याने वाचले गेले, हे त्याला कळायला हवे.

उघड्या जागेत ध्वनिक्षेपक लावण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो बंद करावा लागतो. पन्नास-साठ श्रोत्यांसाठी तो लावूच नये, असे मी म्हणेन.

प्रश्न : संध्याकाळी सहाचे कार्यक्रम आम्हां बायकांना जमत नाहीत. स्वयंपाक असतो आणि परतीची शेवटची बस चुकते. आमच्यासाठी काही वेगळे करता येईल का? (एक गृहिणी, पेडणे तालुका)

उत्तर : ताई, वेळ संध्याकाळी सहाची ठरवणाऱ्या समितीत बायका किती आहेत, हे प्रथम विचारावे. दुपारी तीन ते साडेचार ही वेळ आपल्या गावात बहुधा चालेल, आणि कार्यक्रम बसच्या वेळापत्रकाला धरून संपवावा, वक्त्याच्या सोयीने नव्हे.

वेगळ्या विषयाची मात्र गरज नाही. पाककृती आणि मेंदीच्या कार्यक्रमांनी बायकांचे वाचनालयाशी नाते जुळते असे मला आढळलेले नाही. त्याऐवजी एक काम सुचवतो. आपल्या गावच्या वृद्ध स्त्रियांना धालोची, म्हणजे पौषातील बायकांच्या नृत्यखेळाची, गीते, फुगडीची गाणी, जात्यावरच्या ओव्या येतात, आणि त्यांतील पुष्कळशी कोठेच लिहिलेली नाहीत. युनेस्कोच्या 1994 च्या सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनाम्यात मौखिक परंपरेला आधार देणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. पंधरवड्यातून एकदा दुपारी तीन-चार जणींनी एका आजींना वाचनालयात आणावे, किंवा त्यांना येणे शक्य नसेल तर वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जावे. एकीने गाणे उतरवून घ्यावे, दुसरीने अर्थ आणि प्रसंग विचारावा, तिसरीने मोबाइलवर आवाज नोंदवावा; गाणाऱ्या बाईंचे नाव, वाडा आणि दिनांक त्यांच्या संमतीने वर लिहावा. जी गीते मांडावरच, म्हणजे धालो खेळण्याच्या ठरलेल्या जागीच, म्हणायची असतात ती इतरत्र म्हणण्यास आजी नकार देतील, तर आग्रह करू नये. ती पौषात धालोच्या वेळीच ऐकावीत. वही भरली की ग्रंथपालांकडे देऊन तिची दाखल नोंदवहीत रीतसर नोंद करून घ्यावी, तिला बोधांक (कपाटातील जागा दाखवणारा क्रमांक) द्यावा आणि इतर पुस्तकांच्या रांगेत ती ठेवावी. पहिली वही भरल्यावर तिची एक प्रत मलाही पाठवावी, ही विनंती.