पावसाळ्यात डोंगरावर माणसं नेण्याआधी

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. यंदापासून पावसाळी ट्रेकला तू गट घेऊन जाणार, हे कळून फार बरं वाटलं. पहिल्यांदाच सह्याद्री बघणाऱ्यांना आधी काय सांगायचं, असं तू विचारलंयस. तो किती देखणा आहे ते, की तो जिवावर कसा उठतो ते? धोक्याचं बोललं तर माणसं बिचकतील, अशीही तुला शंका. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या काढून सांगताच येत नाहीत. हा डोंगर ज्या कारणाने सुंदर झालाय, त्याच कारणाने तो कोसळतो. हे जागेवर दाखवलंस की वेगळी भीती घालावी लागणार नाही.

घाटातल्या एखाद्या कड्यासमोर, पण त्याच्या पायथ्यापासून चांगलं अंतर ठेवून, सगळ्यांना उभं कर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. काही टणक, काही सच्छिद्र, आणि मधूनमधून गेरूचा लाल पट्टा. वाटेत असा पट्टा हाताशी आला तर नख लावून बघायला सांग. ओला असेल तर बोट रंगतं. वरच्या सच्छिद्र खडकात मुरलेलं पाणी या थराशी येऊन अडतं आणि कड्याच्या अंगातून बाहेर झिरपतं. उन्हाळ्यातही न आटणारे कितीतरी झरे असेच आलेले. टणक थर टिकले, मऊ झिजले, म्हणून कड्यांच्या खाली सपाट पदर आणि माच्या तयार झाल्या. वाड्या तिथेच वसल्या, कारण पाणी तिथे, सपाटी तिथे, आणि वरून पिढ्यान्‌पिढ्या घसरत आलेली मातीही तिथेच. ज्या खाचरातल्या हिरव्यागार भाताचा फोटो सगळे काढतात, त्यातली बरीच माती अशीच कधीतरी वरून सुटून खाली आलेली असते.

आता त्याच पदरावर पाऊस दिवसचे दिवस लागून राहिला की काय होतं? वरची मुरमाड माती पाणी पिऊन जड होते. खालचा कातळ पाणी आत घेत नाही. कणांच्या मधल्या फटीत पाण्याचा दाब वाढत जातो, कणांची एकमेकांवरची पकड ढिली होते आणि उतार सुटतो. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी असंच गेलं. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसेना, तेव्हा बाहेर खबर गेली. १५१ माणसं मेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळीयेत ८० हून अधिक.

रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीबद्दल मात्र थोडं थांबून लिहितो, कारण ती आपल्या, म्हणजे डोंगरात फिरणाऱ्यांच्या, वाटेवरची वाडी होती. इर्शाळगडाला जायचं तर तिच्या अंगणांतूनच जावं लागे. ठाकर आदिवासींची घरं, शेणाने सारवलेली ओटी, तिथे बसून चहा प्यायलेली आणि भाकरी खाल्लेली माणसं महाराष्ट्रभर आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री वरचा उतार घरांवर आला. गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत. बचावपथकं, गिर्यारोहक संस्थांची पोरं, सगळे भर पावसात चढून गेले आणि फावड्या-टिकावांनी चिखल उपसत राहिले. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे नीट लक्षात ठेव. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली पश्चिम घाट किती नाजूक आहे ते सविस्तर सांगितलं होतं. आपण त्यावर भांडत बसलो, याचा मला आजही राग येतो. उतार तोडून बांधकामं होतात तिथे धोका वाढतोच. पण जिथे कुणी काही तोडलं नाही तिथेही डोंगर खाली येतो, आणि सरकारी यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

पाण्याचंही असंच. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या मंदिरात पाच नद्यांची नावं घेतात. त्यातली कृष्णा चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि जेमतेम शंभर किलोमीटरमध्ये अरबी समुद्रात. साडेतेराशे मीटरांच्या आसपासचा हा माथा, तिथून काही तासांत पाणी महाडला. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यात खाली भरतीची वेळ आली की खाडी पाणी घेत नाही आणि ते शहरात पसरतं. त्या दोन दिवसांत महाड बुडालं, वाशिष्ठीकाठचं चिपळूणही बुडालं. लोक कठड्यावर उभं राहून ज्या धबधब्यांना बघत ‘काय सुंदर!’ म्हणतात, ते याच वाटेने खाली जाणारं पाणी असतं.

म्हणून धबधब्यात गटाला उतरवू नकोस. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आपण उभे आहोत तिथे पाऊस नसेलही, पण वर पठारावर ढग रिता झाला की लोंढा तिथून येतो. तो यायच्या आधी पाणी बोलतं. नितळ पाणी अचानक गढूळ होतं, पालापाचोळा, काटक्या वाहत येतात, आवाज खर्जात जातो. यातलं एक जरी दिसलं तरी फोटो, बॅग, बूट सगळं सोडून काठावर यायचं आणि तिथून आणखी वर चढायचं. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडतं. नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद, उभ्या घळीतून, उतरताना तर हे शंभरदा सांग.

उताराचीही भाषा असते. जमिनीत धनुष्याकृती भेग, नुकतीच कललेली झाडं, कुंपणाचे वाकडे झालेले खांब, घराची दारं अचानक घट्ट बसणं, झरा एकदम गढूळ होणं किंवा बंद पडणं, जिथे कधी पाणी नव्हतं तिथून पाणी फुटणं. हे तुला एका फेरीत कळणार नाही. वाडीतल्या म्हाताऱ्यांना रोज कळतं. वाडीत शिरलीस की आधी एखाद्या आजीशी बोल. झऱ्याचं पाणी कसं आहे, रात्री वरून दगडांचा आवाज येतो का, गुरं वर जायला कचरतात का. ती ‘नको जाऊ’ म्हणाली तर तिथून परत फिरायचं, मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज काहीही सांगो. गटाला पैसे परत करावे लागले तर कर.

पठारांवर मात्र त्यांना मनसोक्त रमू दे. कासला कातळावर जेमतेम काही इंच माती, पावसाचा मार, मग उन्हाचा. इतकी गरीब माती की इवल्याशा निळ्या-जांभळ्या फुलांची ‘सीतेची आसवं’ ही वनस्पती बारीक जीव पकडून नत्र मिळवते. तेरडा, गेंद, सोनकी, सगळी थोड्याच आठवड्यांत फुलणं उरकून घेतात. गुडघ्यावर बसून ही फुलं बघायला लाव, आणि आखलेली वाट सोडून कुणाला आत पाऊल टाकू देऊ नकोस.

तू पाठवलेली यादी बघितली. पहिले दोन ट्रेक ठीक आहेत. तिसरा नाळेचा आहे, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. तो काढ आणि ऑक्टोबरमध्ये टाक. चौथ्यासाठी आधी एकटी न जाता कुणाला तरी सोबत घेऊन वाट बघून ये, आणि परत आल्यावर मला फोन कर. तिथल्या वाडीत माझ्या ओळखीचं घर आहे, त्यांचा नंबर देतो.

तुझा,
काका