कोंबड्यांना कच्चे सोयाबीन चालत नाही. न भाजता घालता येईल असे वाण निघाले आहे का?

पूर्णपणे नाही, पण भाजणी बरीच कमी करता येईल अशी वाणे आपल्याकडे आली आहेत: इंदूरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेचे (आधीचे नाव भारतीय सोयाबीन संशोधन संस्था) एनआरसी १२७ आणि त्यानंतरचे एनआरसी १४२. कच्च्या दाण्यातला कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिने पचवणारे विकर (एन्झाइम) बांधून ठेवतो. मग खाल्लेले पिल्लाच्या अंगी लागत नाही, ते वाढत नाही, आणि त्याचे स्वादुपिंड सुजून मोठे होते. या वाणांत हा घटक तयारच होत नाही. त्यासाठी बाहेरून जनुक घातलेले नाही. ज्या सोयाबीनमध्ये तो मुळात नव्हता, त्याच्याशी संकर करून डीएनए मार्करच्या (जनुक ओळखण्याच्या खुणेच्या) मदतीने रोपे निवडली आहेत. एनआरसी १२७ ची शिफारस विदर्भ आणि मराठवाड्यासाठीही आहे.

मात्र दाण्यात बोमन-बर्क हा दुसरा इनहिबिटर आणि लेक्टिन हे पचनाला त्रास देणारे प्रथिन उरतात, म्हणून लहान पिल्लांना कच्चा भरडा कृपा करून घालू नका, थोडी उष्णता द्याच. मेथिओनिन या आवश्यक अमिनो आम्लाची कमतरताही या वाणाने भरून निघत नाही, ते खाद्यात वेगळे घालावे लागते. गायी-म्हशींचे पोट हा इनहिबिटर बराच सोसते. तिथे जपायचे ते वेगळ्याच गोष्टीला. कच्च्या सोयाबीनबरोबर युरिया कधीही देऊ नका, कारण दाण्यातल्या युरिएज या विकरामुळे त्याचा झपाट्याने अमोनिया होतो.

बियाणे घरचे राखणार असाल तर:
- मळणीयंत्र आधी रिकामे फिरवून झाडून घ्या, त्यात अडकलेले दुसऱ्या वाणाचे दाणे मिसळतात.
- पोत्यावर वाणाचे नाव लिहा. नुसत्या नजरेने दाण्यावरून इनहिबिटर ओळखता येत नाही.