समलिंगी जोडप्यातला एक हिंदू, दुसरा गोव्याचा कॅथलिक. समान नागरी कायद्याची वाट पाहावी की आत्ताच काही कागद करून ठेवावेत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही पुण्याचे, जन्माने हिंदू, जोडीदार म्हापशाचा, कॅथलिक. नऊ वर्षं एकत्र राहता. कोथरूडचा फ्लॅट तुमच्या नावावर आहे. त्याच्याकडे गोव्यातल्या घराचा हिस्सा आणि काही ठेवी. तुमचे आईवडील दोघेही आहेत, त्याची आई आहे. समान नागरी कायदा आला तर धर्मांच्या कायद्यातून सुटका होईल का, आणि तोवर काय करायचं?

वाट पाहू नका. उत्तराखंडचा समान नागरी कायदा 27 जानेवारी 2025 पासून लागू झाला. त्यात लग्न म्हणजे स्त्री आणि पुरुष यांचं, आणि नोंदणी सक्तीची केलेलं लिव्ह-इनसुद्धा स्त्री-पुरुषांचंच. म्हणजे कायदा सगळ्या धर्मांना समान झाला, तुमच्यासाठी कोराच राहिला. गोव्याच्या समान नागरी कायद्याचं कौतुक तर जुनंच आहे, पण त्यातही लग्न दोन भिन्नलिंगी व्यक्तींचं, आणि चर्चमध्ये लग्न लावणाऱ्या कॅथलिकांसाठी वेगळ्या तरतुदी आहेतच.

धर्माच्या दबावाबद्दलची तुमची काळजी खोटी नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, या 2009 च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत एक ज्योतिषी होते, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, ख्रिस्ती संघटनाही होत्या. एरवी एका मांडवाखाली न येणारी मंडळी ते संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 वाचवायला एकत्र आली, आणि 11 डिसेंबर 2013 ला जिंकलीही. 6 सप्टेंबर 2018 ला ते उलटलं. पण माझ्या मते धर्म खरा अडवतो तो टीव्हीवरच्या चर्चेत नाही, कलमांच्या जोडकामात.

विशेष विवाह कायदा, 1954 घ्या. धर्माबाहेरचं लग्न म्हणून आपण त्याकडे बोट दाखवतो. त्यात 1976 साली कलम 21-अ घातलं गेलं: दोघेही हिंदू असतील तर लग्न या कायद्याखाली, पण वारसा मात्र हिंदू उत्तराधिकार कायद्याने. पुढच्या दाराने बाहेर काढलेला धर्म मागच्या दाराने घरात. एप्रिल 2023 मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या सुप्रियो खटल्याच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘व्यक्तिगत कायद्यांना हात लावणार नाही, फक्त विशेष विवाह कायद्यापुरतं बघू’ असं म्हटलं, तेव्हाच ही गाठ दिसायला लागली होती. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात पाचही न्यायाधीशांनी लग्नाचा मूलभूत हक्क नाकारला. जोडप्याच्या नात्याला कायदेशीर मान्यता देण्याचा मुद्दा 3 विरुद्ध 2 असा पडला. पुनर्विचार याचिका 9 जानेवारी 2025 ला फेटाळल्या गेल्या.

तेव्हा नातं सिद्ध करण्याच्या फंदात पडू नका. जिथे कायदा ‘तुझं कोण?’ न विचारता ‘तुझी इच्छा काय?’ विचारतो, तिथले कागद करा. असे कागद बऱ्यापैकी आहेत.

सर्वांत आधी मृत्युपत्र. तुम्ही न करता गेलात तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गात आई येते, वडील दुसऱ्या वर्गात, जोडीदार कुठल्याच वर्गात नाही. मृत्युपत्र केलंत तर मात्र स्वकष्टार्जित सगळं, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला तुमचा हिस्साही, हव्या त्या माणसाला देता येतो. मुसलमान असता तर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता आलं नसतं. मृत्युपत्राचा हक्क सगळ्यांना आहे, माप मात्र प्रत्येकाचं वेगळं.

तुमच्या जोडीदाराचं माप निम्मं. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलं, आणि मुलं नसतील तर आईवडील, हे सक्तीचे वारस. त्यांचा अर्धा भाग मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. आई हयात आहे तोवर त्याला उरलेल्या अर्ध्याचंच वाटप करता येईल. आणि हे फक्त म्हापशाच्या घरापुरतं आहे असं समजू नका. 13 सप्टेंबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोव्याच्या रहिवाशाची गोव्याबाहेर, भारतात कुठेही असलेली मिळकतही याच कायद्याने वाटली जाईल. तो वाद मुंबईतल्या मिळकतीचाच होता. म्हणून पुण्यात मिळून दुसरं घर घेणार असाल तर त्याचा हिस्सा किती ठेवायचा हे हा हिशेब डोक्यात ठेवून ठरवा. इतकी वर्षं पुण्यात राहिल्यावर तो कायद्याच्या नजरेत अजून गोव्याचा रहिवासी आहे का, हा प्रश्न गोव्यातल्या वकिलालाच विचारा. सगळी गणितं त्यावर फिरतात. त्याचं मृत्युपत्र गोव्यातल्या स्पेशल नोटरीसमोरच व्हावं. पुण्यात साध्या कागदावर दोन सह्या घेऊन केलेल्यावर नातेवाइकांना भांडायला जागा मिळते.

तुमचं मात्र साध्या कागदावर चालतं. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच. दोन साक्षीदार लागतात, दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं. जोडीदाराला साक्षीदार करू नका. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि सापडण्यासारखे घ्या. आईच्या वयाच्या काकूंना न्यायालयात बोलावण्याची वेळ आली तर त्या असतील की नाही, कोण जाणे. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा की तुम्ही शुद्धीत आणि विचार करण्यास समर्थ आहात. प्रत्येक पानावर सही. फ्लॅटचं वर्णन सिटी सर्व्हे नंबर, सोसायटीचा नोंदणी क्रमांक आणि शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक देऊन लिहा. एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) नेमा, शक्यतो तिसराच कोणी.

अशी मृत्युपत्रं अडकतात ती मुख्यतः एका आरोपावर: त्याने दबाव टाकून लिहून घेतलं. आईवडिलांचं नावही न घेता सगळं ‘मित्राला’ दिलेलं दिसलं की न्यायालयालाही खटकतं. म्हणून आईवडिलांचा उल्लेख करा, त्यांच्यासाठी काय ठेवलंय ते लिहा (काही ठेवलं नसेल तर का नाही ते), आणि जोडीदाराबद्दल सरळ दोन ओळी: पूर्ण नाव, पॅन, कधीपासून एकत्र राहतो. ‘पती’ लिहू नका. तो शब्द कायद्यात टिकत नाही, आणि तोच धरून अख्खा कागद खोटा ठरवायचा प्रयत्न होतो.

नॉमिनेशन हा दुसरा टप्पा, आणि लोक इथेच फसतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने पैसे हातात घेणारा. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. विम्यात तर आईवडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तरच रक्कम त्यांच्या मालकीची होते. जोडीदार नॉमिनी असला तर वारस मागू शकतात. तेव्हा प्रत्येक नॉमिनेशनमागे मृत्युपत्रातली जुळणारी ओळ हवी. सोसायटीच्या नॉमिनेशनचा फॉर्म तीन प्रतींत भरा आणि कमिटीची पोच घ्या. त्यावर तो तात्पुरता सभासद होतो, फ्लॅट मिळतो मृत्युपत्रानेच.

भविष्यनिर्वाह निधीत धर्म नाही, पण ‘कुटुंब’ आहे. अविवाहित पुरुषाचं कुटुंब म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील. तसे असतील तर बाहेरच्या माणसाचं नॉमिनेशन बाद. वडिलांना स्वतःचं पेन्शन असेल आणि आईचाही भार तुमच्यावर नसेल, तरच जोडीदाराचं नाव टाकता येतं. ग्रॅच्युइटीलाही जवळपास हाच नियम.

बँकेचं सोपं झालंय. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारासोबत संयुक्त खातं काढायला किंवा त्याला नॉमिनी करायला बंदी नाही. खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला चालवू शकेल अशा) पद्धतीचं घ्या. रेशनकार्डावर एक घर म्हणून नोंदवण्याची आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात देण्याची पत्रंही केंद्राने राज्यांना पाठवली आहेत. काउंटरवरच्या माणसाला ती माहीत असतीलच असं नाही. छापून फाइलला लावा.

फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्राने अर्धा करून देऊ का, असंही तुम्ही विचारलंय. शक्यतो नको. राहतं घर नवऱ्याने बायकोला दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. तुम्ही जोडीदाराला दिलंत तर खरेदीइतकं, शहरांत साधारण 6–7 टक्के. शिवाय आयकरात ‘नातेवाईक’ नसलेल्याकडून वर्षात 50,000 रुपयांवर भेट मिळाली की सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, फक्त वरची नव्हे. या भेदाला एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे; तूर्त नियम तोच. मृत्युपत्राने मिळालेल्यावर हा कर नाही. नवं घर घेताना दोघांची नावं घालणार असाल तर करारातच टक्के लिहा, आणि एक गेला की दुसऱ्याला आपोआप मिळेल असं गृहीत धरू नका. तसं इथे होत नाही.

आता दवाखाना. अमेरिकेतल्या जोडप्यांचं वाचून लोक ‘मेडिकल पॉवर ऑफ अॅटर्नी’ करतात. आपल्याकडे कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी काम करेनाशी झाली की ते संपतं, म्हणजे नेमकं लागेल तेव्हाच. छोट्यामोठ्या कामांना ते असू द्या, पण भिस्त ठेवा लिव्हिंग विलवर, म्हणजे शेवटच्या आजारात उपचार कुठवर करायचे हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदावर. 24 जानेवारी 2023 पासून त्याची पद्धत सुटसुटीत झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. त्यात ‘पालक किंवा जवळचा नातेवाईक’ म्हणून निर्णय घेणाऱ्याचं नाव द्यायचं असतं. जोडीदाराचं नाव ‘पालक’ या शब्दाखाली घाला, दुसऱ्या शब्दावरून वाद नको. एक प्रत फॅमिली डॉक्टरला, एक महापालिकेला. अशी लिव्हिंग विल सांभाळायला महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी अधिकारी नेमले आहेत. मात्र हा कागद उपचार थांबवण्याच्या प्रसंगापुरता आहे, अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा नव्हे. नेहमीच्या उपचारांसाठी भरतीच्या फॉर्मवर ‘संपर्क’ आणि ‘निर्णय’ दोन्हीकडे स्वतःच्या हाताने त्याचं नाव लिहा.

सगळ्यांत उदार कायदा मात्र कोणी वाचत नाही: मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017. त्यात साध्या कागदावर नाव आणि सही एवढ्यावर कोणताही सज्ञान माणूस तुमचा नामनिर्देशित प्रतिनिधी होतो, रक्ताचं नातं विचारत नाहीत. घरच्यांनी ‘बाबा-महाराजांकडे नेऊ, नाहीतर डॉक्टरकडून बरा करू’ असा घाट घातला तर हाच कागद ढाल आहे. समलिंगी कल ‘बदलण्याचे’ उपचार हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

500 च्या स्टॅम्पपेपरवर ‘लिव्ह-इन करार’ करून देणारे बरेच भेटतील. तो लग्न नाही, वारसा देत नाही. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर दोघांची नावं असणं हा एकत्र राहण्याचा जास्त मजबूत पुरावा. मे 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ‘निवडलेलं कुटुंब’ मान्य केलं. उद्या त्याचा आधार घ्यायचा तर असेच कंटाळवाणे कागद दाखवावे लागतील.

अंत्यविधीची इच्छा मृत्युपत्रात लिहू नका. ते उघडतात तेरावं झाल्यावर. वेगळं पत्र करा, दफन की दहन, कोणी करायचं, आणि तुमच्या घरातल्या ज्या एका माणसाचं तुमच्याशी पटतं त्याला आजच देऊन ठेवा. मूळ मृत्युपत्र फक्त तुमच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. ते उघडायला बँक वारसांनाच बोलावेल. एक्झिक्युटरकडे ठेवा, आणि नोंदणीच्या पावतीची झेरॉक्स जोडीदाराकडे.