कंपनीचा महसूल सरळ रेषेत वाढतोय की चक्रवाढीने?

नुसता आलेख बघून ठरवू नका. सुरुवातीला दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. १००, १२०, १४०, १६० या महसुलात दरवर्षी २०ची भर पडते, पण टक्केवारी २०वरून १६.७ आणि मग १४.३वर घसरते, ही सरळ रेषेतली वाढ. १००, १२०, १४४, १७३ मध्ये टक्केवारी २०च राहते, ही चक्रवाढ. म्हणून लागोपाठच्या वर्षांच्या आकड्यांची वजाबाकी आणि भागाकार दोन्ही करा. लॉग स्केलवर (म्हणजे अक्षावर १०, १००, १००० असे पटीत वाढणारे आकडे सारख्या अंतरावर असतात तिथे) चक्रवाढ सरळ रेषेत दिसते, मला हीच कसोटी सर्वांत भरवशाची वाटते. तीन वर्षांचे आकडे अपुरे, निदान आठ-दहा वर्षांचे घ्या. आणि हो, दुसरी कंपनी विकत घेऊन आलेला महसूल आधी वेगळा काढा.