उघडा, नागडा, नग्न आणि अश्लील

प्रश्न असा आहे: इन्स्टाग्रामने एखादं चित्र 'न्यूडिटी'च्या नियमाखाली काढलं, तर मराठी बातमीत 'अश्लील चित्र हटवलं' असं लिहिलेलं चालेल का? आणि 'नग्न' व 'नागडा' यांत फरक काय?

पहिल्याचं उत्तर: नाही चालणार. 'अश्लील' या शब्दात कपड्यांचा उल्लेखच नाही. ज्यात 'श्री' नाही ते अश्रील, आणि 'र'चा 'ल' होऊन अश्लील. मुळात अर्थ शोभा नसलेलं. अकराव्या शतकातला संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट काव्यातल्या अश्लील दोषाचे तीन प्रकार सांगतो: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगळ सुचवणारं. त्यामुळे मरणाची अभद्र सूचना करणारी ओळही त्याच्या लेखी अश्लीलच, भले तिच्यात देहाचं नावही नसो!

ऑक्टोबर २०२० मध्ये ब्राझीलमधल्या एका व्यक्तीने स्तनांच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारी छायाचित्रं इन्स्टाग्रामवर टाकली. यंत्रणेने स्तनाग्रं ओळखली आणि पोस्ट आपोआप उडवली. अशा जागृतीला खुद्द नियमांतच मुभा होती. पोस्ट पुढे परतही आली. त्या चित्राला 'अश्लील' म्हणणं म्हणजे यंत्राच्या चुकीवर आपण शिक्का मारणं. 'नग्नतेच्या नियमाखाली काढलं' एवढंच लिहावं. मुंबईच्या कस्टम्सनेही हाच घोळ घातला होता. एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी या चित्रकारांची सात चित्रं अश्लील ठरवून जप्त केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नग्न चित्र आपोआप अश्लील होत नाही, असंच न्यायालयाचं म्हणणं होतं.

आता 'नागडा'. तोही 'नग्न'चाच प्राकृतातून आलेला वंशज, पण घरात वाढलेला. 'पोर अंगणात नागडं खेळतंय' म्हटलं तर कुणी वळूनही बघत नाही. तिथे 'नग्न बालक' लिहिलंत की पंचनामा वाचल्यासारखं वाटतं. मोठ्या माणसाला मात्र 'नागडा' ही शिवीच. 'नागवणे' हा त्याच कुळातला: सावकाराने नागवलं म्हणजे पार लुबाडलं.

खरी गंमत 'उघडा'ची आहे. 'उघड्यापाशी नागडं गेलं आणि रात्रभर हिवानं मेलं' या म्हणीत दोघे वेगळे आहेत. उन्हाळ्यात आजोबा ओटीवर 'उघडेच' बसतात, म्हणजे नुसतं धोतर नेसून, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आजीबद्दल मात्र हेच विशेषण त्याच अर्थाने वापरून बघा. जीभ अडखळते. पुरुषाची छाती चालते, बाईची काही अपवाद सोडता चालत नाही, हा इन्स्टाग्रामचा नियम आपल्या ओटीवर आधीपासूनच होता.