वण पुसायच्या आधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) दोनदा वाचला. ‘एक्झोसोमद्वारे हृदयावरचा वण नाहीसा करणे’ असं शीर्षकातच ठणकावलंयस. पेशींनी बाहेर सोडलेल्या या सूक्ष्म पिशव्यांबद्दलचा उत्साह कळला, पण वणाला पहिल्याच पानावर शत्रू ठरवलंयस, तिथे माझी पेन्सिल अडली.

हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला स्नायू हृदयाला नव्याने फारसा उगवता येत नाही. पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का स्नायूपेशी बदलतात, म्हातारपणी त्याच्या निम्म्याच. मग ठिगळ, म्हणजे वण, लावतात फायब्रोब्लास्ट, ऊतींचा सांगाडा विणणाऱ्या पेशी. टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा इशारा मिळाला की त्यांचे मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे आकसू शकणारे जोमदार विणकर, होतात आणि कोलॅजन या प्रथिनाचे चिवट धागे विणायला बसतात. उंदरात पहिल्या आठवड्यात हे ठिगळ कच्चं राहिलं तर हृदयाची भिंतच फाटते. पंचाईत होते ती पुढे, काम संपूनही हे विणकर उठत नाहीत तेव्हा. कोलॅजन धडधाकट स्नायूतही शिरतं आणि हृदय ताठरतं. तुझं औषध कितव्या दिवशी द्यायचं, यावर अख्ख्या सिनॉप्सिसमध्ये एक ओळ नाही.

दुसरं, एक्झोसोम म्हणजे सज्जनच, असं तू धरून चाललीयस. १९८३ साली मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींत ते दिसले तेव्हा लोकांना तो पेशीचा कचरा वाटला. २००७ मध्ये त्यांच्यात आरएनए सापडला आणि कचऱ्याची एकदम टपाल झाली. पण टपालात धमकीची पत्रंही असतात! हॅनोव्हरच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं ते वाच: फायब्रोब्लास्टच्या एक्झोसोममधून मायक्रो-आरएनए-२१ या जनुकांवर लगाम ठेवणाऱ्या चिमुकल्या आरएनएची जोडीदार साखळी (पेशी एरवी जी फेकून देते ती) स्नायूपेशीत पोचते आणि ती पेशी फुगायला लागते. म्हणून ‘एक्झोसोम दिले’ एवढं पुरत नाही. कुठल्या पेशीचे, कुठल्या अवस्थेतले, ते लिही.

आता उपचार. २०१०च्या सिंगापूरच्या कामाचा दाखला दिलायस. तिथे मेसेनकायमल मूळपेशींचे (हाड, चरबी अशा ऊती घडवू शकणाऱ्या पेशींचे) एक्झोसोम उंदरांना दिले ते हृदयाचा अडवलेला रक्तप्रवाह पुन्हा सुरू होण्याच्या सुमारास. स्नायू कमी मेला. जुना, पक्का झालेला वण विरघळवणं ही निराळीच गोष्ट, आणि तू दोन्ही एकाच वाक्यात घातल्यायस. माणसांतही हृदयातूनच काढलेल्या पेशी देऊन पाहिल्या. २०१२च्या छोट्या चाचणीत एमआरआयवर वण आक्रसलेला दिसला, पण रक्त बाहेर फेकण्याची टक्केवारी ठळकपणे सुधारली नाही. त्यानंतरच्या मोठ्या चाचणीत तर वणातही फरक दिसला नाही. हे न लपवता लिही, परीक्षक तिथेच बोट ठेवणार. शिरेतून दिलेले एक्झोसोम बहुतेक यकृत आणि प्लीहेत अडकतात, हेही तुला कुठेतरी सोडवावं लागेल.

एक माझी फजिती सांगते. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझे ‘एक्झोसोम’ फायब्रोब्लास्टना शांत करत होते, कोलॅजन उतरत होतं, मी मिठाईसुद्धा वाटली. मग शेजारच्या बाकावरच्या मुलीने सहज विचारलं, पेशी न घालता नुसता मीडिया (पेशी वाढवायचा द्रव) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून बघितलास का? बघितलं. गुरुत्वाकर्षणाच्या १,००,००० पट (१,००,००० जी) वेगाने फिरवल्यावर तळाशी तोच साका, तोच परिणाम. पेशींना खायला घातलेल्या वासराच्या सीरममधलेच एक्झोसोम होते ते. आठ महिने गेले. त्या दिवसापासून पेशी वाढवायला एक्झोसोम काढून टाकलेलं सीरम आणि सोबत रिकाम्या मीडियाची नळी, याशिवाय मी कुणाचा डेटा बघत नाही. सीडी६३, सीडी८१ ही एक्झोसोमची ओळख पटवणारी प्रथिनं दाखवशीलच. कॅल्नेक्सिन, म्हणजे पेशीच्या आतल्या भागाचं प्रथिन, मिसळलेलं नाही, हेही दाखव.

तुझ्या मामांनी एक्झोसोमच्या सलाइनबद्दल विचारलं होतं ना? त्यांना स्पष्ट सांग, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने) असं एकही उत्पादन मंजूर केलेलं नाही. त्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या गोळ्या चुकवू नयेत.

शीर्षकातला ‘नाहीसा’ खोड. सोमवारी येताना औषध कितव्या दिवशी द्यायचं त्या तारखांचा तक्ता आण, आणि ती रिकामी नळी.

तुझी,
मॅडम